कपारीतून काचपेटीत: चकवाला पाळण्याचा मागोवा

तानाजीच्या गोष्टीतली, कड्याला नखांनी घट्ट धरून बसणारी घोरपड आपण लहानपणापासून ऐकतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातला आणि मेक्सिकोतला चकवाला सरडाही खडक सोडत नाही, पण तो नखांपेक्षा श्वासाच्या बळावर. धोका दिसला की फटीत शिरतो, अंग फुगवतो आणि पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. माणसाने त्यावर पहार आणली. विक्रीसाठी सरडे पकडताना खडकाचे पापुद्रे उचकटले गेले. सरड्याला पिल्लं होतात. फुटलेली कपार मात्र पुन्हा तयार होत नाही.

माणसाचा या प्राण्याशी संबंध त्याहून जुना. कॅलिफोर्नियाच्या आखाताकाठचे सेरी लोक चकवाला खात, आणि पुढची बेगमी म्हणून होडीतून नेऊन इतर बेटांवर सोडत, असं अभ्यासक मानतात. याच आखातातल्या सॅन एस्तेबान बेटावरची जात तर किलोच्या वर भरते. १९८० साली अमेरिकेने या जातीला संकटग्रस्त ठरवलं. टुसॉनच्या ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियमने तिची बंदिवासात पैदास केली. चकवालाला पिंजऱ्यात नुसतं जगवता येतं असं नाही, त्याचा वंशही वाढवता येतो, हे त्यातून दिसलं.

घरोघरच्या पाळणाऱ्यांना हे शिकायला वेळ लागला. चकवाला पाला-फुलं खाणारा. किडे आणि गोड फळं त्याला मानवत नाहीत. त्याचं अंग ३८ अंशांच्या आसपास तापलं तरच खाल्लेलं पचतं, म्हणून दिव्याखालचा दगड ५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. १९९०च्या दशकात अतिनील किरणांचे दिवे सहज मिळू लागले आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका आटोक्यात आला. काचेवर उडालेले पांढरे ठिपके पाहून नवखा माणूस घाबरतो. पण तो आजार नव्हे. पाल्यातलं जादा मीठ हा सरडा नाकातून शिंकरून टाकतो.

सगळ्यात मोठा धडा हिवाळ्याचा. वर्षभर सारखी ऊब दिली तर जोडी सुस्त राहते. थंडीत दिव्यांचा वेळ कमी केला, पेटी गार होऊ दिली, काही आठवडे खाणं बंद पडू दिलं, की वसंतात नर डोकं वरखाली करत मादीभोवती फिरू लागतो. मादीला अंडी घालायला खोल, दमट वाळू हवी; ती नसेल तर अंडी पोटातच अडकतात. वर्मिक्युलाइट या ओल धरणाऱ्या खनिजाच्या दमट भुग्यात, ३० अंशांच्या थोड्या वर ठेवलेली अंडी पाणी शोषून फुगत जातात. दोन-तीन महिन्यांनी कवचाला बारीक चीर पडते आणि पट्टेदार शेपटीचं पिल्लू नाक बाहेर काढून तसंच थांबतं. त्या क्षणासाठी पाळणाऱ्याने अनेक वर्षं वाट पाहिलेली असते, कारण मादी दर वर्षी अंडी घालतेच असं नाही.

चकवाला पंचवीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. तो घरी आणण्याआधी तो पेटीत जन्मला की कपारीतून उपटून आणला, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही, तर रिकाम्या हाताने परत या.