आमची मुलगी मुंबईत बेचाळीस किलोमीटर धावली

मुंबई आम्हाला नवी नाही. डिसेंबरची पाच तारीख आली की जालन्याच्या स्टेशनवर आमच्या वस्तीतली निम्मी माणसे भेटतात. डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तरी जातो. सहा तारखेला चैत्यभूमीला अभिवादन करायचे, स्टॉलवरून दोन पुस्तके घ्यायची आणि परतीची गाडी धरायची. मुंबई म्हणजे आम्हाला एवढीच ठाऊक होती.

जानेवारी २०२४ मध्ये मात्र आम्ही देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलो ते निराळ्याच कामासाठी. आमची थोरली मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणार होती. अर्धी नव्हे, पुरी. ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर.

आम्ही दोघे कष्टाची माणसे. एक मोंढ्यात हमाली करतो, दुसरी घरी शिलाई मशीन चालवते. धावणे हा आमच्या घरात कधी छंद नव्हता. मुलीने सुरुवात केली ती पोलीस भरतीसाठी. दोनदा मैदान गाठले, दोनदा थोडक्या गुणांनी नाव यादीबाहेर राहिले. दुसऱ्या वेळी ती चार दिवस कोणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी पहाटे बूट घालून बाहेर पडली. आम्ही विचारले, "आता कशाला?" ती म्हणाली, "आई, भरती गेली, पाय तर आहेत ना?"

मग अंतर वाढत गेले. पाच किलोमीटर, दहा, पंधरा. एका शर्यतीत तिने २१ किलोमीटर पुरे केले. त्याचे प्रमाणपत्र जोडून मुंबईच्या पुऱ्या मॅरेथॉनसाठी अर्ज भरला. नंबर लागला तेव्हा घरात आनंद झाला आणि लगेच हिशेबही सुरू झाला. फी, धावण्याचे बूट, प्रवास, वरखर्च मिळून ८,५०० रुपये. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही. शेजारी म्हणाले, "एवढ्या पैशात घराची पत्रे बदलली असती." ते खोटे बोलत नव्हते.

त्यातच एक स्थळ आले. मुलगा नोकरीला, माणसे चांगली. पाहण्याचा कार्यक्रम त्यांनी नेमका २१ जानेवारीच्या रविवारी ठरवला. आम्ही निरोप पाठवला, "पुढच्या रविवारी या, त्या दिवशी मुलीची मुंबईला शर्यत आहे." पलीकडून उत्तर आले, "शर्यत महत्त्वाची की संसार?" दोन रात्री आम्हाला झोप नव्हती. मुलीला काही सांगितले नव्हते, पण तिला कळलेच. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाल तसे." त्या एका वाक्याने आमचा निर्णय झाला. जी पोरगी सहा महिने पहाटे चारला उठली, तिला आम्ही काय म्हणायचे?

वाचकांना वाटेल, मॅरेथॉन हे श्रीमंतांचे खूळ. आम्हालाही तसेच वाटत होते. पण मुलीने आम्हाला काही गोष्टी सांगितल्या. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताकडून मॅरेथॉन धावला तो बेळगावचा फडेप्पा चौगुले. बायकांना ऑलिंपिकमध्ये ही शर्यत धावायला मिळाली ती थेट १९८४ साली, लॉस एंजेलिसला. तोवर इतके अंतर बाईला झेपणार नाही, असे मानणारे मोठमोठे लोक होते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. आणि आमच्या शेजारच्या परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. परभणी म्हटल्यावर आम्ही कान टवकारले. ती तर आमच्याच गाडीने येणारी!

गुरुवारी रात्री निघालो, शुक्रवारी सकाळी दादरला उतरलो. मुक्काम कुर्ल्याला, मुलीच्या मावशीकडे. एक खोली, त्यात त्यांची पाच आणि आमची तीन माणसे. मावशीने पोरांना सक्त ताकीद दिली, "दोन दिवस आवाज नाही. ताई झोपली पाहिजे." भाऊजी स्वतः गॅलरीत झोपले आणि पंख्याखालची जागा मुलीला दिली.

छातीवर लावायचा नंबर धावण्याच्या दिवशी मिळत नाही. तो आधीच्या दिवसांत, स्वतः ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. तो वांद्रे-कुर्ला संकुलात मिळाला. नंबराच्या कागदालाच मागे एक चिप असते, तीवरून वेळ मोजली जाते. म्हणून तो कागद दुमडायचा नाही. गावाकडून येणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, शनिवारी रात्रीच्या गाडीने निघून चालत नाही.

शनिवारी मावशीने मटणाचा बेत केला होता. मुलीने हात जोडले. तिने वरण-भात, बटाट्याची भाजी आणि केळी एवढेच खाल्ले. धावण्याच्या आदल्या दिवशी तेलकट, तिखट आणि नवे काही खायचे नाही. मटण आम्ही खाल्ले.

रविवारी पहाटे अडीचला उठलो. त्या पहाटे धावणाऱ्यांसाठी जादा लोकल असतात. डब्यात सगळी नंबर लावलेली माणसे. कोणी साहेब, कोणी शिपाई, काही कळत नव्हते. पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पुरी मॅरेथॉन सुटली. आत जाताना मुलगी पाया पडली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

आम्ही लोकलने दादरला आलो आणि शिवाजी पार्कच्या बाजूला रस्त्याकडेला उभे राहिलो. तिकडे ती मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी करून सागरी सेतूवरून वांद्र्याला जाणार होती आणि माहीमवरून आमच्याकडे येणार होती. आजूबाजूची माणसे संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, चिक्की घेऊन उभी होती. ना ओळख ना पाळख, पण छातीवरचे नाव वाचून हाका मारत होती. आम्हीही टाळ्या वाजवू लागलो.

सव्वाआठच्या सुमारास ती दिसली. चेहऱ्यावर मीठ सुकलेले, पण पाय चालू. ज्या रस्त्याने आम्ही दरवर्षी सहा डिसेंबरला रांगेत पुढे सरकतो, त्याच बाजूने आमची पोरगी धावत येत होती. आम्हाला काही ओरडायचे होते, पण गळा दाटला. तिनेच हात वर करून "जयभीम, बाबा!" म्हटले आणि ती पुढे गेली.

पुढचे तिच्याकडून ऐकले. तीस किलोमीटरनंतर अंगातला साठवलेला इंधनसाठा संपत येतो. पाय दगडासारखे होतात. आणि नेमका तेव्हाच परतीचा पेडर रोडचा चढ लागतो. तिथे ती थांबली. रस्त्याच्या कडेला बसावे आणि रडावे असे वाटले. तेव्हा मागून पन्नाशीच्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "बसू नकोस बाळ, चाल. चालणेही धावण्यातच धरतात." दोघी चालत चढ चढल्या. उतारावर पुन्हा धावू लागल्या. त्या बाईंचे नावही तिने विचारले नाही, याची तिला आजही चुटपुट लागते.

५ तास ९ मिनिटांनी तिने रेषा ओलांडली. पहिल्या आलेल्या बायका केव्हाच घरी गेल्या असतील. आझाद मैदानाबाहेर ठरलेल्या जागी आम्ही उभे होतो. ती लंगडत आली आणि गळ्यातले पदक काढून आईच्या गळ्यात घातले. आई म्हणाली, "मला कशाला? मी कुठे धावले?" ती म्हणाली, "पहाटे चारला चूल कोण पेटवत होते?"

ज्या घरांतून कोणी धावू इच्छिते, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाचे चार शब्द. निदान चार-पाच महिने तयारी हवी. आठवड्यातून एकदाच लांब धावावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. मधे विश्रांतीचा दिवस असावा. मुलींनी रक्त जरूर तपासून घ्यावे. आमच्या मुलीचे हिमोग्लोबिन कमी निघाले होते, दोन महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. धावताना नुसते पाणी ढोसू नये, मीठ-साखरेचे पाणीही घ्यावे. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नयेत. जिथे कपडा घासतो तिथे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. आणि छातीत दुखले, चक्कर आली तर थांबावे. शर्यत पुढच्या वर्षीही येते.

पाहुणे पुन्हा आले नाहीत. त्याच वर्षी झालेल्या भरतीतही तिचे नाव लागले नाही. हे लपवण्यासारखे काही नाही. घराची पत्रे त्या पावसाळ्यातही गळली. मग आम्ही काय मिळवले, असे कोणी विचारले तर पदकाकडे बोट दाखवत नाही. आता पहाटे पाचला विहारासमोर आठ मुली जमतात. त्यांतल्या तिघींच्या आया आधी म्हणत होत्या, "अंधारात पोरींना कशाला पाठवायचे?" आता त्यांतली एक आई स्वतः बॅटरी घेऊन मागे सायकलवर असते.

मुलगी त्यांना पहिल्या दिवशी एकच सांगते, पहिले येण्यासाठी धावू नका, पुरे करण्यासाठी धावा. आणि आम्ही आईबापांना सांगतो, बंधू-भगिनींनो, मुलीने पायात बूट घातले तर कुठे चाललीस असे दरडावून विचारू नका. किती वाजता परत येशील, एवढे विचारा आणि चहा गरम ठेवा.