गळाला लावायचा किडा : माल फुकटचा, पण पारख हवी

इस्लापूर हे किनवट तालुक्यातले, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे गाव. पैनगंगा आणि सहस्रकुंडाचा धबधबा येथून जवळच. पावसाळा ओसरला की नदीकाठी, ओढ्यांच्या डोहांवर गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. त्यात शौकीन असतात, तसेच मजुरी नसलेल्या दिवशी घरच्या कालवणाची सोय पाहणारे आणि चार मासे बाजारात विकून मीठ-मिरचीचा खर्च काढणारेही असतात. हा लेख या दुसऱ्या मंडळींसाठी आहे. दोर आणि गळ एकदा घेतले की पुष्कळ दिवस चालतात. आमिषाचा खर्च मात्र रोजचा. कारोबार छोटा असला की रोजचा खर्चच नफा खातो, हे आपल्या बांधवांना सांगायला नको.

आधी मासा ओळखावा. कतला आणि रोहू यांना किड्याचे फारसे आकर्षण नाही. त्यांच्यासाठी मळलेली कणीक, भाताचा कोंडा किंवा शेंगदाण्याची पेंडच बरी. मरळ, शिंगाडा आणि वांब हे मांसाहारी मासे. त्यांना किडा, अळी, गांडूळ पाहिजे. बाजारात मरळीला भावही चांगला मिळतो, म्हणून किड्यांकडे लक्ष देणे फायद्याचे आहे.

आपल्या भागात सर्वांत सोपा माल म्हणजे हुमणी. ऊस, सोयाबीन आणि हळदीची मुळे खाणारी ही पांढरी, वाकडी अळी शेतकऱ्याची दुश्मन आहे. पहिला चांगला पाऊस पडला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर गोळा होतात. फांदी हलवली की खाली पडतात. कृषी खाते ते गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायला सांगते. आमिषासाठी अर्थातच रॉकेल नको, कोरड्या डब्यात भरावेत. पुढे अळ्या मोठ्या झाल्या की नांगरामागे उघड्या पडतात आणि बगळे, कावळे त्या टिपत असतात. शेतमालकाला विचारून आपणही वेचाव्यात. तो नाही म्हणणार नाही, उलट दुआ देईल.

दुसरा माल जुन्या, सोडून दिलेल्या मोहोळात सापडतो. मेण खाणाऱ्या पतंगाच्या मऊ, पांढुरक्या अळ्या त्यात असतात. आपल्याकडे मध काढणारे असे पोळे फेकून देतात. परदेशात याच अळ्या गळासाठी दुकानातून विकत घेतल्या जातात.

तिसरा माल माशीच्या अळ्या. डब्यात कोंडा घालायचा आणि वर मांसाचा टाकाऊ तुकडा टांगायचा. माशा त्यावर अंडी घालतात. उन्हाळी हवेत एका दिवसात अळ्या निघतात, चार-सहा दिवसांत भरतात आणि आपोआप कोंड्यात पडून स्वच्छ होतात. मग डब्याच्या तोंडाला मांजरपाट बांधावा, म्हणजे हवा खेळते आणि अळी बाहेर पडत नाही. डबा ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवावा, नाहीतर उकाड्याने अळ्यांचे लगेच कोष होतात. हे काम वस्तीपासून दूर करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. शेजाऱ्याला दुर्गंधीचा त्रास देऊन कमावलेल्या पैशात बरकत कसली?

इंग्लंडमध्ये या अळ्यांची पैदास हा रीतसर धंदा आहे. तेथे त्या पाइंटाच्या मापाने विकतात आणि मासा भुलावा म्हणून रंगवतातही. कापडवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट येथे घडली. कापड, कागद आणि चामडे रंगवण्याचा क्रिसॉइडिन नावाचा रंग त्यासाठी वापरला जाई. गळ टाकणाऱ्यांची बोटे त्याने माखत. १९८० च्या दशकात त्याचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असावा, अशी शंका तेथील डॉक्टरांनी मांडली आणि मग तो रंग मागे पडला. म्हणून उरलासुरला कापडाचा रंग अळ्यांवर टाकून पाहण्याचा मोह टाळावा.

आता आमच्या जवळचा विषय, रेशीम. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली असून जालन्यात २०१८ पासून कोषांची बाजारपेठ आहे. कोष उकळून धागा काढला की आत मेलेला किडा उरतो. वाळवलेल्या किड्यात जवळजवळ निम्मी प्रथिने असतात, शिवाय तेल भरपूर. त्याच्या उग्र वासावर मासा येतो. जपानमध्ये हे आमिष जुने आहे. तेलामुळे ते लवकर खवट होते, म्हणून कडक उन्हात वाळवून बंद डब्यात ठेवावे.

किडे विकणे जायज आहे का, असे काही जण विचारतात. 'हिदाया'त रेशमाच्या किड्याचा मसला आलेला आहे. इमाम अबू हनीफा यांनी त्याची विक्री मान्य केली नाही, तर इमाम मुहम्मद यांनी त्यापासून फायदा होतो म्हणून जायज ठरवली आणि फतवा त्यांच्याच मतावर आहे. जिवंत किडा गळात खुपसून तडफडवणे मात्र अनेक उलमांना नापसंत आहे. आधी मारावा, मग लावावा. रेशमाचा किडा मेलेलाच असतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही. आपल्या व्यवहारापुरते जवळच्या आलिमांना विचारून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट औषधाची. कपाशीच्या शेतात आणि जिनिंगमध्ये सरकीबरोबर शेंदरी बोंडअळी फुकट मिळते, पण ती घेऊ नये. कपाशीवर किती आणि काय काय फवारले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. २०१७ साली नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. असल्या शेतातला किडा हाताळायचा, माशाला घालायचा आणि तोच मासा मुलांच्या ताटात वाढायचा, यात शहाणपण नाही. रोजी हलाल असावी तशी ती तय्यबही असावी. हुमणीसाठीही जमिनीत औषध टाकतात, म्हणून वेचण्यापूर्वी शेतमालकाला हे स्पष्ट विचारावे.

तलाव किंवा धरण मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर परवानगीशिवाय गळ टाकू नये, तो दुसऱ्याचा हक्क आहे. सहस्रकुंडाच्या खडकांवर पावसाळ्यात जाऊच नये. भुंगेरे निघण्याचा हंगाम फार थोडा असतो. ज्यांना यंदा करून पाहायचे आहे त्यांनी डबे आणि मांजरपाटाचे तुकडे मृगाच्या आधीच तयार ठेवावेत.