युद्धकाळातील व्यावसायिक क्रीडासंघ : ‘स्टीगल्स’ (१९४३) – एक अभ्यास

प्रस्तावना

७ डिसेंबर १९४१ रोजी, रविवारी दुपारी, वॉशिंग्टन येथील ग्रिफिथ स्टेडियमवर यजमान संघ आणि फिलाडेल्फिया ईगल्स यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू होता. सामना चालू असतानाच ध्वनिक्षेपकावरून एकामागून एक लष्करी अधिकाऱ्यांची नावे पुकारली जाऊ लागली. त्यांनी तातडीने आपापल्या कार्यालयाशी संपर्क साधावा, एवढाच निरोप होता. कारण सांगण्यात आले नाही. पर्ल हार्बरवर जपानी विमानांनी हल्ला केल्याचे बहुसंख्य प्रेक्षकांना मैदानाबाहेर पडल्यावरच कळले. ईगल्स संघ पुढे दोनच वर्षांनी पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाशी एका हंगामापुरता एकत्र आला. या संयुक्त संघाची घडण, त्याची कामगिरी आणि त्यातून स्पष्ट होणाऱ्या सामाजिक मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकत्रीकरणाची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल हा लंबगोलाकार चेंडूने खेळला जाणारा, शरीरबळावर आधारलेला खेळ आहे. साहजिकच त्यातील खेळाडू सक्तीच्या सैन्यभरतीस सर्वाधिक पात्र अशा वयोगटातील होते. १९४० च्या भरती कायद्यानंतर, विशेषतः १९४२ पासून, नॅशनल फुटबॉल लीगमधील संघ झपाट्याने रिकामे होऊ लागले. एप्रिल १९४३ मध्ये क्लीव्हलँड रॅम्स संघाने त्या वर्षापुरते कामकाज स्थगित केले. प्रत्येक संघातील खेळाडूंची कमाल संख्या ३३ वरून २८ वर आणण्यात आली. स्टीलर्सकडे तर मोजकेच करारबद्ध खेळाडू उरले होते.

अशा स्थितीत स्टीलर्सचे मालक आर्ट रूनी व बर्ट बेल आणि ईगल्सचे मालक अलेक्सिस थॉम्पसन यांनी संघ एकत्र करण्याचा प्रस्ताव मांडला. या मंडळींचे व्यवहार जुनेच होते. १९४०-४१ मध्ये त्यांच्यात दोन्ही शहरांच्या संघांच्या मालकीची अदलाबदल झाली होती. १९ जून १९४३ रोजी लीगने प्रस्तावास मान्यता दिली. हा करार केवळ एका हंगामापुरता होता. अधिकृत नोंदीत संघाचा उल्लेख ‘फिल-पिट’ असा होई. परंतु स्टीलर्स आणि ईगल्स या नावांच्या संधीतून वृत्तपत्रांनी घडविलेले ‘स्टीगल्स’ हेच नाव लोकांच्या तोंडी बसले. पोशाख मात्र ईगल्सच्या हिरव्या-पांढऱ्या रंगाचा राहिला आणि सहापैकी चार घरचे सामने फिलाडेल्फियाच्या वाट्याला आले. एकत्रीकरण समान पातळीवरचे नव्हते, हे यावरून दिसते.

संघाची घडण : अपात्रांचा संघ

संघातील अनेक खेळाडू वैद्यकीय कारणास्तव लष्करी सेवेस अपात्र ठरलेले, म्हणजे ‘फोर-एफ’ वर्गातील होते. टोनी बोव्हा यांना एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्याची दृष्टीही अधू होती. तरीही संघातर्फे सर्वाधिक झेल त्यांनीच घेतले. रे ग्रेव्हज यांना एका कानाने ऐकू येत नसे. व्हिक सीअर्स यांना पोटातील व्रणाचा विकार होता, तर अल विस्टर्ट यांच्या मनगटाच्या हाडात जुना संसर्ग होता. जॅक हिंकल यांना व्रणाच्या विकारामुळेच सैन्यातून मुक्त करण्यात आले होते. त्या हंगामात त्यांनी चेंडू घेऊन धावत ५७१ यार्ड अंतर कापले. प्रथम क्रमांकावरील खेळाडूचे अंतर ५७२ यार्ड, म्हणजे केवळ एका यार्डाने अधिक होते. १९३९ नंतर निवृत्त झालेले बिल हेविट यांनाही परत बोलावण्यात आले. ते पूर्वी हेल्मेटविना खेळण्यासाठी प्रसिद्ध होते. मात्र १९४३ पासून हेल्मेट सक्तीचे झाल्याने त्यांनाही ते घालावे लागले.

मैदानावर धडका देणारा तरुण सैन्यात का नाही, असा प्रश्न पुत्र वा पती रणांगणावर असलेल्या कुटुंबांच्या मनात येणे स्वाभाविक होते. त्याचे उत्तर पात्रतेच्या दोन भिन्न कसोट्यांत आहे. खेळाडूला आठवड्यातून एकदा, डॉक्टर हाताशी असताना, ठरावीक वेळ झुंजायचे असते. सैनिकाला पथ्यपाणी, औषध वा विश्रांती यांची शाश्वती नसताना महिनोन् महिने तग धरावा लागतो आणि त्याच्या एका शारीरिक उणिवेने सोबत्यांचाही जीव धोक्यात येतो. तथापि असा युक्तिवाद सर्वांना पटणारा नव्हता. म्हणून खेळाडूंनी युद्धोपयोगी कारखान्यांत पूर्णवेळ काम करावे, अशी व्यवस्था करण्यात आली. दिवसा कारखाना आणि सायंकाळी सराव, असा त्यांचा दिनक्रम होता. खेळाला समाजमान्यता मिळाली ती या श्रमाच्या आधारावर.

अंतर्गत संघर्ष आणि कामगिरी

दोन संघांबरोबर दोन प्रशिक्षकही आले. ग्रीझी नील आणि वॉल्ट कीसलिंग यांना समान अधिकार देण्यात आले. परंतु त्यांचे परस्परांशी मुळीच पटत नसे. नील हे ‘टी’ रचनेचे पुरस्कर्ते होते. या रचनेत चेंडू प्रथम मध्यवर्ती खेळाडूच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या हाती येतो. कीसलिंग यांचा कल, चेंडू थेट धावणाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या ‘सिंगल विंग’ रचनेकडे होता. अखेरीस नील यांनी आक्रमण आणि कीसलिंग यांनी बचाव सांभाळावा, अशी विभागणी झाली. आज या खेळात रूढ असलेली ही पद्धत येथे वैमनस्यावरचा तोडगा म्हणून अवतरली.

२ ऑक्टोबर १९४३ रोजी ब्रुकलिनवर १७-० असा विजय मिळवून संघाने प्रारंभ केला. पुढील आठवड्यात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध संघाच्या हातून तब्बल १० वेळा चेंडू निसटला, तरीही सामना २८-१४ असा जिंकला. हंगामाअखेर ५ विजय, ४ पराभव व १ बरोबरी अशी नोंद झाली. शेवटच्या सामन्यात ग्रीन बे संघाने ३८-२८ असे हरविले नसते, तर स्टीगल्सला पूर्व विभागात संयुक्त अग्रस्थान मिळाले असते. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ईगल्ससाठी विजय पराभवांहून अधिक असलेला हा पहिलाच हंगाम होता.

टंचाईची मर्यादा

या यशोगाथेची एक बाजू सहसा झाकलेली राहते. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे लीगने दृष्टिदोष असलेले, बहिरे, व्याधिग्रस्त आणि निवृत्त असे सर्व प्रकारचे खेळाडू स्वीकारले. कृष्णवर्णीय खेळाडू मात्र स्वीकारला नाही. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. विशेष म्हणजे पिट्सबर्गच्या १९३३ च्या पहिल्या संघात रे केम्प हे कृष्णवर्णीय खेळाडू होते. म्हणजे हा निर्बंध परंपरेने आलेला नसून नंतर लादलेला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघात चमकलेले केनी वॉशिंग्टन १९४० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यावरील दुय्यम स्पर्धांत खेळत होते. लीगचे दार त्यांच्यासाठी उघडले ते १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर. यावरून, टंचाई नियम शिथिल करते. पण पूर्वग्रह आपोआप दूर करीत नाही, हे स्पष्ट होते.

निष्कर्ष

१. हंगाम संपताच स्टीगल्स संघ विसर्जित झाला. १९४४ मध्ये स्टीलर्स शिकागो कार्डिनल्सशी एकत्र आले आणि त्या संयुक्त संघाने दहाही सामने गमावले. एकत्रीकरण हे स्वतः यशाचे कारण नसते. योग्य माणसे आणि कामाची स्पष्ट विभागणी निर्णायक ठरते.

२. स्वतंत्र झालेल्या ईगल्सने नील यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४८ व १९४९ मध्ये विजेतेपद मिळविले. तात्पुरती तडजोड संस्थेला तगवून धरू शकते, याचे हे उदाहरण होय.

३. संकटकाळात संस्था कोणाला सामावून घेते याइतकेच, ती कोणाला बाहेर ठेवते हेही तिच्या मूल्यमापनासाठी महत्त्वाचे आहे. स्टीगल्सचा इतिहास या दोन्ही अंगांनी वाचला तरच पूर्ण होतो.