शिंकताना लघवी होते? लाज नको, उपाय आहे



खोकताना, शिंकताना किंवा उसाची मोळी उचलताना लघवी होते, ही तक्रार कितीतरी बायका कुणाला सांगत नाहीत. बाळंतपणाने व वाढत्या वयाने मूत्रमार्गाला आधार देणारे स्नायू सैल पडतात, म्हणून असे होते. त्यात लाज कसली?

यावर स्नायूपेशींच्या उपचाराचे प्रयोग चालू आहेत. रोग्याच्याच मांडीतून स्नायूचा लहानसा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि सुईने मूत्रमार्गाच्या स्नायूत सोडायच्या. कॅनडात ८ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचा अहवाल २००८ साली आला. काहींना गुण आला. पण त्याच वर्षी ऑस्ट्रियातील डॉक्टरांचा याच उपचारावरचा गाजलेला लेख 'लॅन्सेट'ने मागे घेतला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तर पेशी नसलेली सुई टोचलेल्या बायकांनाही जवळजवळ तेवढाच फरक पडला. तेव्हा कुणी या सुईची खात्री देऊन पैसे मागितले, तर उसाचे बिल त्यात घालू नका.

बिनखर्चाचा उपाय अमेरिकेच्या डॉ. केगेल यांनी १९४८ सालीच सांगितला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून पाच-सहा सेकंद धरावेत, मग सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. निदान तीन महिने नेम मोडू नये. पाणी पिणे तोडू नये. लघवीतून रक्त गेले, जळजळ झाली किंवा व्यायामाने गुण आला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे, शस्त्रक्रियाही आहे.

बंधूंनो, हा मजकूर घरी जरूर वाचून दाखवा.