घोंगडीचा पोत, सतरंजीचा पंजा

तुर्कस्तानच्या किलीमला जगभर संग्राहक आहेत. बल्गेरियातल्या चिप्रोव्त्सी गावाच्या किलीम-विणकामाला २०१४ साली युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. आमच्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या माळापासून मंठा-परतूरपर्यंत धनगराच्या खांद्यावर दिसणारी घोंगडी ही याच घराण्यातली. पण ती धनगराची ओळख म्हणून आपल्या नजरेत भरते. विणलेलं वस्त्र म्हणून तिच्याकडे आपण क्वचितच बघतो.

हे घराणं बिनलवेच्या विणीचं. गालिच्यात ताण्याला लोकरीच्या गाठी मारतात, त्यांची टोकं कातरतात आणि लव उभी राहते. किलीमला लव नसते. उभ्या ताण्यातून आडवा बाणा घालून तो असा ठोकायचा, की ताणा पार झाकला जावा. दिसणारा रंग सगळा बाण्याचा. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीवरून माघारी वळतो आणि मधे उभी फट राहते. ही फट लांबली तर कापड कमजोर होतं. म्हणून विणकर दर थोड्या ओळींनी हद्द सरकवतो. किलीमवरचे त्रिकोण, पायऱ्या, चौकटी या अडचणीतूनच आलेल्या आहेत.

या कसोटीवर किलीमला सगळ्यात जवळची आपली सतरंजी. धागा सुताचा, पण रीत तीच. बोटांसारखे दात असलेल्या लोखंडी पंजाने बाणा ठोकून बसवायचा, की ताणा दिसेनासा होतो. शाळेत, भजनात, लग्नाच्या पंगतीत आपण सगळे या पट्ट्यापट्ट्यांवर बसलेलो आहोत. शेजारच्या तेलंगणातल्या वरंगळच्या सतरंजीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे येरवड्याच्या कारागृहात बंदी सतरंज्या विणतात. जालन्याच्या जिनिंगांतून कापसाच्या गाठी भरभरून बाहेर जातात आणि अंथरायची सतरंजी मात्र बाहेरून येते, ही गोष्ट मला बोचते.

घोंगडीची गोष्ट वेगळी आहे, कारण ती मेंढीपासून सुरू होते. दख्खनी मेंढी कमी पावसाच्या मुलखात दूरवर चालून जगणारी. तिची लोकर काळी, राखट, भरड. मेरिनोच्या केसापेक्षा दुपटीहून जाड. वर्षातून दोनदा ती कातरतात. कोकराची पहिली कातरलेली लोकर मऊ असते; तिची ती जावळाची घोंगडी, मोलाची आणि जपून वापरायची. लोकर निवडून पिंजायची, मग बायकांनी चरख्यावर कातायची. विणणारे सणगर किंवा खुटेकर धनगर.

ताणा मोकळ्या जागेत पसरला की चिंचोक्याची खळ येते. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने धाग्यांवर फिरवतात. हाताने कातलेला भरड धागा फणीत घासून तुटायचा; खळीमुळे त्याला अंग येतं. मग खड्डामागावर पाय खाली सोडून बसायचं, धोटा इकडून तिकडे फेकायचा. काठाच्या पांढऱ्या रेघा ताण्यातच धरलेल्या असतात. नवी घोंगडी ताठ असते, अंगाला टोचते. वापरात खळ निघून जाते, लोकर दाटते आणि पोत बसतो. लोकरीतला तेलकटपणा पावसाचं पाणी लगेच आत येऊ देत नाही, म्हणून घोंगडीची खोळ डोक्यावर घेतलेला मेंढका भर पावसात कळपामागे उभा राहू शकतो. बुरणूस मात्र या घराण्यातला नव्हे. तो विणत नाहीत; लोकर भिजवून, दाबून, लाटून बनवतात.

घोंगडीची आजची पडती अवस्था माग मोडल्यामुळे झाली असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. दुखणं लोकरीपाशी आहे. मेंढपाळाला पैसा मटणाचा मिळतो. म्हणून कळपात माडग्याळसारखे मटणाचे नर आले. फलटणच्या निंबकर संस्थेची नारी सुवर्णा मेंढीही जुळी कोकरं देते म्हणून हवीशी झाली. यात मेंढपाळाचं काहीच चुकत नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या भावातून निघत नसेल तर तो लोकर बांधावरच टाकणार. त्यात चराऊ रानं आटली आणि पानिपतची जुन्या चिंध्यांच्या धाग्यांची स्वस्त ब्लँकेटं आठवडी बाजारात आली. लोकरीला भाव मिळाल्याशिवाय विणकरांची कितीही शिबिरं भरवली तरी हे घोंगडं भिजतच राहील.

माळेगावच्या यात्रेत किंवा कुठल्याही बाजारात घोंगडी घेणार असाल तर आधी कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ओलं पांढरं फडकं घासा; मेंढीचा मूळ काळा रंग फडक्याला लागत नाही. उजेडाकडे धरा, हातकताईचा धागा कुठे जाड, कुठे बारीक दिसतो. एवढं पटलं तर भावात घासाघीस करू नका. आणि विकणाऱ्याला एक नक्की विचारा, लोकर कुणाच्या कळपाची आणि तिला काय भाव दिला?