क्रिएशन म्युझियम

क्रिएशन म्युझियम (अर्थ : निर्मिती-संग्रहालय) हे अमेरिकेच्या केंटकी राज्यातील बून काउंटीमध्ये पीटर्सबर्ग येथे असलेले एक खासगी संग्रहालय आहे. विश्व, पृथ्वी आणि सजीव यांची उत्पत्ती बायबलमध्ये वर्णन केल्याप्रमाणे शब्दशः घडली, हे मत लोकांपुढे मांडण्यासाठी ते उभारण्यात आले. 'ॲन्सर्स इन जेनेसिस' ही ख्रिस्ती संस्था ते चालवते. २८ मे २००७ रोजी ते जनतेसाठी खुले झाले. त्याच्या उभारणीस सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर खर्च आला आणि ही रक्कम मुख्यतः देणग्यांतून जमा झाली. पहिल्या वर्षातच सुमारे ४ लाख लोकांनी संग्रहालयाला भेट दिली.

संग्रहालयाची भूमिका

संस्थेच्या नावातील 'जेनेसिस' म्हणजे बायबलचे पहिले पुस्तक. मराठी बायबलमध्ये त्याचे नाव 'उत्पत्ती' असे आहे. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, आदाम व हव्वा हे पहिले मानव होते आणि पुढे नोहाच्या काळी जलप्रलय झाला, ही कथा त्यात येते. हे सहा दिवस प्रत्येकी २४ तासांचेच होते आणि पृथ्वीचे वय सुमारे ६,००० वर्षे आहे, असे संग्रहालयाचे प्रतिपादन आहे. या मताला 'तरुण पृथ्वी निर्मितिवाद' म्हणता येईल. वयाचा हा आकडा बायबलमधील वंशावळींतील वर्षांची बेरीज करून काढला जातो. आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात अशीच गणना करून सृष्टीच्या निर्मितीचे वर्ष इ.स.पू. ४००४ असे सांगितले होते. पुढे इंग्रजी बायबलच्या अनेक आवृत्त्यांत ही वर्षे समासात छापली जात असल्यामुळे सामान्य वाचकाला ती मूळ ग्रंथाचाच भाग वाटू लागली.

पृथ्वीच्या वयाविषयी इतका आग्रह का, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भूगर्भशास्त्रात नसून धर्मशास्त्रात आहे. आदामाच्या पापामुळे जगात मृत्यू आला आणि त्या पापापासून सोडवण्यासाठी येशू ख्रिस्ताने क्रूसावर प्राण दिले, अशी ही मांडणी आहे. जीवाश्म कोट्यवधी वर्षांपूर्वीचे मानले, तर मानव अवतरण्यापूर्वीच असंख्य प्राणी मेले, एकमेकांनी त्यांना खाल्ले, त्यांना रोग झाले, हे मान्य करावे लागते. मग मृत्यू हे पापाचे फळ राहत नाही आणि साखळीतील पुढचे दुवेही सैल होतात, अशी संस्थेला भीती वाटते. त्यामुळेच या संग्रहालयात पापापूर्वीचा टिरॅनोसॉरस हा शाकाहारी प्राणी म्हणून सांगितला जातो. हे विधान बाहेरच्या माणसाला विचित्र वाटले, तरी गृहीतक स्वीकारल्यावर ते तर्काने आपोआप निघते, हे लक्षात घेतले पाहिजे.

पार्श्वभूमी

पृथ्वीचे वय मोठे आहे, हे एकोणिसाव्या शतकातील बहुतेक विद्वान ख्रिस्ती लोकांना मान्य झाले होते. आजच्या तरुण पृथ्वी निर्मितिवादाला बळ मिळाले ते जॉन व्हिटकम व हेन्री मॉरिस यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द जेनेसिस फ्लड' या पुस्तकामुळे. हे मत विज्ञान म्हणून शाळांत शिकवावे, असे प्रयत्न पुढे झाले. तथापि, उत्क्रांतीबरोबर 'निर्मिती-विज्ञान'ही शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियाना राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली घटनाबाह्य ठरवला. सरकारी शाळेचा वर्ग अशा रीतीने बंद झाल्यावर खासगी संग्रहालयाचा मार्ग अधिक सोयीचा ठरला, असे म्हणता येते.

संस्थेचे प्रमुख केन हॅम यांचा जन्म १९५१ साली ऑस्ट्रेलियात झाला. क्वीन्सलँड राज्यात ते काही काळ शाळेत विज्ञान शिकवत होते. १९८७ मध्ये ते अमेरिकेत आले, प्रारंभी मॉरिस यांच्या संस्थेत त्यांनी काम केले आणि १९९४ मध्ये केंटकीत स्वतःची संस्था सुरू केली. संग्रहालयासाठी प्रथम निवडलेली जागा बिग बोन लिक या उद्यानाजवळ होती. परंतु तेथे जमिनीच्या वापरात बदल करण्यास परवानगी मिळाली नाही. त्यानंतर सिनसिनाटी विमानतळापासून जवळ असलेली सध्याची जागा घेण्यात आली.

प्रदर्शने

उद्घाटनाच्या वेळी इमारतीचे क्षेत्रफळ सुमारे ६०,००० चौरस फूट होते. दालनांची रचना पॅट्रिक मार्श यांच्या देखरेखीखाली झाली. फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओजच्या मनोरंजन उद्यानात 'जॉज' आणि 'किंग काँग' यांवरील आकर्षणे घडवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यामुळे येथील हलणारे पुतळे, प्रकाशयोजना आणि ध्वनी यांचा दर्जा उत्तम आहे, हे टीकाकारही मान्य करतात. प्रवेशद्वारानंतर थोड्याच अंतरावर मानवी मुले आणि डायनोसॉर शेजारीशेजारी दाखवलेले आहेत. विज्ञानानुसार पक्षी वगळता अन्य डायनोसॉर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. आपल्या जातीचा मानव सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचा.

पुढील मार्ग सात टप्प्यांचा आहे : निर्मिती, पतन, आपत्ती, गोंधळ, ख्रिस्त, क्रूस आणि परिपूर्ती. इंग्रजीत या सातही शब्दांची सुरुवात 'सी' या अक्षराने होते. आपत्ती म्हणजे जलप्रलय आणि गोंधळ म्हणजे बाबेलच्या बुरुजाजवळ झालेला भाषांचा गोंधळ. एदेन बागेचा प्रशस्त देखावा, नोहाचे तारू बांधणारे कारागीर, तारांगण आणि चित्रपटगृह हेही येथे आहेत. एका अंधाऱ्या दालनात आधुनिक समाजातील दुःखे दाखवली असून जवळच चर्चची भिंत फोडणारा एक अवजड गोळा आहे. त्यावर 'कोट्यवधी वर्षे' या अर्थाचे शब्द लिहिलेले आहेत.

सर्वांत महत्त्वाचे दालन मात्र बरेच साधे आहे. त्यात दोन जीवाश्मतज्ज्ञ एकाच डायनोसॉरचा सांगाडा उकरताना दिसतात. हाडे तीच, माती तीच; पण एक जण मानवी बुद्धीपासून आरंभ करतो आणि दुसरा देवाच्या वचनापासून, म्हणून त्यांचे निष्कर्ष भिन्न येतात, असे प्रेक्षकाला सांगितले जाते. संग्रहालयाचा सगळा युक्तिवाद या एका दृश्यात सामावलेला आहे. पुरावा दोघांचा समान आहे असे एकदा मान्य केले, की वाद पुराव्याचा उरत नाही, निवडीचा होतो. विज्ञानाचा आक्षेप नेमका येथे आहे. वैज्ञानिकही गृहीतके धरतो, परंतु ती चुकीची ठरू शकतील अशा कसोट्यांना त्याला सामोरे जावे लागते. या दृश्यातील दुसऱ्या तज्ज्ञाचा निष्कर्ष खणण्यापूर्वीच ठरलेला असतो.

मे २०१४ पासून कोलोरॅडोत सापडलेल्या ॲलोसॉरस या डायनोसॉरचा खराखुरा जीवाश्मही येथे मांडलेला आहे. तो प्राणी जलप्रलयात गाडला गेला, असे येथे सांगितले जाते.

नैसर्गिक निवड संग्रहालयाने नाकारलेली नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. प्राण्यांचे मूळ 'प्रकार' देवाने निर्माण केले व त्यांच्या मर्यादेत बदल होऊ शकतो, असे ते मानते. (मराठी बायबलमध्ये येथे 'जात' हा शब्द आहे, पण जीवशास्त्रातील 'जाती' ही संज्ञा त्याहून वेगळी आहे.) तारवात १,४०० पेक्षा कमी प्रकार पुरेसे होते, असा संस्थेचा हिशेब आहे. मग सिंह, वाघ, बिबट्या आणि घरचे मांजर हे सर्व एकाच जोडीपासून जलप्रलयानंतरच्या सुमारे ४,३०० वर्षांत निर्माण झाले, असे मानावे लागते. कोणत्याही उत्क्रांतिशास्त्रज्ञाने सांगितलेल्या वेगापेक्षा हा वेग कितीतरी अधिक आहे.

टीका

अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे १९५६ साली दाखवले. त्यानंतरच्या मोजमापांनी हा आकडा पक्का केला. ६,००० वर्षे हा त्याचा साडेसात लाखावा भाग होतो. मुंबई-पुणे हे सुमारे १५० किलोमीटरचे अंतर वीतभर मानण्याइतकी ही तफावत आहे. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात, तरीही ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. निर्मितिवाद्यांनी यावर काही उत्तरे सुचवली आहेत, पण भौतिकशास्त्रज्ञांनी ती स्वीकारलेली नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी संग्रहालयाबाहेर निदर्शने झाली. केंटकी, ओहायो आणि इंडियाना या राज्यांतील शेकडो वैज्ञानिकांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. येथून शिकून येणारी मुले महाविद्यालयातील विज्ञानाला तोंड देऊ शकणार नाहीत, ही त्यांची मुख्य चिंता होती. २००९ मध्ये सिनसिनाटी येथील परिषदेसाठी आलेल्या जीवाश्मतज्ज्ञांचा एक गट मुद्दाम हे संग्रहालय पाहून गेला.

हा ख्रिस्ती धर्म विरुद्ध विज्ञान असा सरळ वाद आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. उत्क्रांती हे केवळ एक अनुमान राहिलेले नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये म्हटले होते, आणि अनेक प्रोटेस्टंट पंथही उत्क्रांती मान्य करतात. अशा ख्रिस्ती लोकांवर हॅम तडजोडीचा आरोप करतात. अमेरिकेतील जनमत मात्र विभागलेले आहे. देवाने मानवाला गेल्या सुमारे १०,००० वर्षांत सध्याच्याच रूपात निर्माण केले, असे मानणारे २०१७ सालच्या गॅलप पाहणीत ३८ टक्के होते.

हॅम-नाय वाद

४ फेब्रुवारी २०१४ रोजी संग्रहालयाच्या सभागृहात केन हॅम आणि दूरचित्रवाणीवरील विज्ञान-कार्यक्रमांमुळे प्रसिद्ध असलेले बिल नाय यांच्यात जाहीर वादविवाद झाला. इंटरनेटवरून त्याचे थेट प्रक्षेपण झाले. तुमचे मत कशाने बदलेल, असा प्रश्न दोघांनाही विचारण्यात आला. नाय यांनी पुराव्याने असे उत्तर दिले. देवाचे वचन खरे नाही हे आपल्याला कोणीही पटवू शकणार नाही, या आशयाचे उत्तर हॅम यांनी दिले. नाय यांनी तेथे जाऊन निर्मितिवादाला नसती प्रतिष्ठा दिली, असे काही वैज्ञानिकांचे मत पडले. नोहाच्या तारवाच्या प्रकल्पासाठी निधी जमण्यास या कार्यक्रमाची मदत झाली, असे हॅम यांनी नंतर सांगितले. 'आर्क एन्काउंटर' नावाचा हा प्रकल्प केंटकीतीलच विल्यम्सटाउन येथे ७ जुलै २०१६ रोजी खुला झाला. तेथील तारू ५१० फूट लांब आहे. त्याला राज्याची करसवलत मिळावी की नाही, यावरून खटला होऊन जानेवारी २०१६ मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने लागला.

परिसर

संग्रहालयाच्या परिसरातील चुनखडक व शेल हे ऑर्डोव्हिशियन काळातील, म्हणजे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या वेळी येथे उथळ समुद्र होता. ब्रॅकिओपॉड, ब्रायोझोआ आणि ट्रायलोबाइट यांच्या जीवाश्मांसाठी सिनसिनाटीचा प्रदेश जगभर ओळखला जातो. रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांत ते सहज आढळतात. पूर्वी उल्लेखिलेले बिग बोन लिक उद्यान बून काउंटीतच आहे. मॅमथ व मॅस्टोडॉन यांच्या अस्थी तेथे विपुल सापडल्या. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या सूचनेवरून १८०७ मध्ये विल्यम क्लार्क यांनी तेथे उत्खनन केले. अमेरिकेतील पृष्ठवंशी जीवाश्मशास्त्राचे जन्मस्थान म्हणून त्या जागेचा उल्लेख केला जातो.