मिरकरवाड्यात ओव्हरक्लॉकिंग? जरा बेतानं!

यूट्यूबवरचे ओव्हरक्लॉकचे आकडे बहुतेक एसी खोलीतले असतात. आपल्या मिरकरवाडा बंदरावर मे महिन्यात खोलीच ३२-३३ अंशांवर असते, आणि पंख्याचा कूलर असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड तो करू शकत नाही.

ओव्हरक्लॉकसाठी प्रोसेसर इंटेलचा असेल तर त्याच्या नावात 'के' आणि झेड चिपसेटचा बोर्ड हवा. रायझन बहुतेक अनलॉकच येतात.

खरी मेख व्होल्टेजमध्ये आहे. उष्णता फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत! म्हणजे वेग ५ टक्के वाढवायला व्होल्टेज १० टक्के चढवलं, तर उष्णता साधारण २७ टक्के जास्त. सौदा परवडतो का, तुम्हीच ठरवा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे काही प्रोसेसर तर जादा व्होल्टेजनं आपोआपच बिघडत होते. २०२४ मध्ये कंपनीनं दुरुस्तीचा मायक्रोकोड काढला. तेव्हा आधी बायोस अपडेट, तेही यूपीएसवरच. मध्येच लाईट गेली तर बोर्डाचा दगड होऊ शकतो.

मग एकेक पायरी: गुणक थोडा वाढवा, ओसीसीटी ही ताण-चाचणी तासभर चालवा, हार्डवेअर मॉनिटरवर तापमान बघा. मी ८५ अंशांच्या वर जाऊ देत नाही.

खारी हवा विसरू नका. हीटसिंकच्या पात्यांत दमट धूळ चिकटून बसते, नुसत्या ब्लोअरनं निघत नाही. मऊ ब्रश लागतो. खिडकीखाली कॅबिनेट ठेवूच नका.

आणि हो, ओव्हरक्लॉकनं प्रोसेसर गेला तर वॉरंटी सहसा मिळत नाही. माझ्या मते इथे रायझनवाल्यांनी उलट व्होल्टेज कमीच करून बघावं. तुमचं तापमान किती येतं, कमेंटमध्ये टाका.